या अंकांपाशी काय आहे?

समजा, एका कागदाच्या कपट्यावर पुढील दोन आकडे लिहून कोणी आपल्या हाती ठेवले : १६.८६५ उत्तर, ११.९५३६ पूर्व. खाली गावाचे नाव नाही, देशाचा उल्लेख नाही, दुसरी कसलीही खूण नाही. या अंकांपाशी पृथ्वीच्या पाठीवर काय आहे, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न पूर्वी विचारला गेला असता, तर जिज्ञासू वाचक सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन मोठा ॲटलास उघडता. आफ्रिकेच्या पानावर सोळाव्या आणि सतराव्या अक्षवृत्तांच्या मध्ये, बाराव्या रेखावृत्ताच्या किंचित अलीकडे त्याने बोट ठेवले असते आणि त्याला सहारा वाळवंट, नायजर देश, तेनेरे नावाचा वालुकामय प्रदेश इतके कळले असते. त्यापुढे ॲटलास मुका होतो. कारण एकास एक कोटी या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. पेन्सिलीच्या टोकाखाली एखादे शहर झाकले जाते, तेथे एखादी इमारत किंवा विहीर सापडण्याची आशा कोणी करावी? आज तेच दोन अंक संगणकाच्या वा हातातील फोनच्या नकाशात घातले असता क्षणार्धात त्या जागेचे उपग्रहचित्र समोर उभे राहते. तथापि चित्र समोर येणे आणि तेथे काय आहे हे कळणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दोहोंमधील अंतर कसे तोडावयाचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या अंकांचा अर्थ पाहू. अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस मोजलेला कोन आणि रेखांश म्हणजे ग्रिनिचच्या मूळ रेखावृत्तापासून पूर्वेस वा पश्चिमेस मोजलेला कोन. या जोडीला गणिताच्या पुस्तकांत सहनिर्देशक म्हणतात. ‘निर्देशांक’ हा शब्दही पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु तो किंमतींच्या निर्देशांकासाठी रूढ झालेला असल्यामुळे प्रस्तुत लेखकाला ‘सहनिर्देशक’ अधिक पसंत आहे. दोन आकडे एकमेकांच्या साहाय्याने एक स्थळ दाखवतात, हा भाव त्या शब्दात आपोआप येतो.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे भूपृष्ठावर सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते जवळ येत असल्यामुळे तो आखडत जातो : मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो, तर साठाव्या अक्षांशावर निम्माच उरतो. यावरून दशांश चिन्हानंतरच्या प्रत्येक स्थानाची किंमत काढता येते. तिसऱ्या स्थानातील एका अंकाने सुमारे ११० मीटरांचा फरक पडतो, चौथ्याने ११ मीटरांचा, पाचव्याने जेमतेम एका मीटराचा. काही यंत्रे चौदा-चौदा दशांश स्थाने छापून देतात, तेव्हा हसू येते. कारण चौदाव्या स्थानाची किंमत एका मिलिमीटराच्या लाखाव्या भागाहूनही लहान आहे आणि इतक्या सूक्ष्मतेने फोनमधील ग्राहक स्वतःची जागा ओळखू शकत नाही. मोकळ्या आकाशाखाली त्याची अचूकता काही मीटरांची असते. आकड्यांची लांबी म्हणजे अचूकता नव्हे.

आता आपले दोन अंक नकाशाच्या शोधचौकटीत घालू. गूगलचा नकाशा, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून रचलेला नकाशा, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली सुरू केलेले ‘भुवन’, यांपैकी कोणतेही साधन घ्यावे. नकाशात शोध घेताना अक्षांश आधी आणि रेखांश नंतर लिहिण्याची सर्वसाधारण रीत आहे. परंतु संगणकांच्या आपापसांतील कित्येक लेखनपद्धतींत हा क्रम नेमका उलटा असतो, कारण आलेखावर आडवे मूल्य आधी लिहिण्याची गणितज्ञांची सवय तेथे पाळली जाते. आपले अंक उलटे घातले, तर टाचणी नायजरमध्ये न रुतता सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर चाड देशात रुतेल. संगणक कुरकुर करणार नाही. दोन्ही ठिकाणे पृथ्वीवरच आहेत. म्हणून पहिले चित्र दिसताच ‘हा प्रदेश अपेक्षित होता काय?’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

बरोबर क्रमाने अंक घातल्यावर नकाशाच्या रेखाचित्रात बहुधा एक फिकट, कोरा पृष्ठभाग दिसतो. रस्ता नाही, नदी नाही. अशा वेळी साधन स्वतःहून एखादे स्थलनाम सुचवते. त्यावर मात्र घाईने विश्वास ठेवू नये. हे नाव त्या बिंदूचे असतेच असे नाही. संगणकाच्या साठ्यात त्या बिंदूला सर्वांत जवळची जी नोंद असते, ती तो पुढे करतो. दाट वस्तीत ही नोंद शेजारच्या घराची असते, वाळवंटात ती शेकडो किलोमीटरांवरच्या गावाची असू शकते. वाटसरूने ‘ही कोणाची शेती?’ म्हणून विचारावे आणि गावकऱ्याने आपल्या माहितीतल्या जवळच्या शेतकऱ्याचे नाव सांगावे, तसाच हा प्रकार.

म्हणून रेखाचित्र बाजूस सारून उपग्रहचित्र उघडावे. सुरुवातीस पिवळसर वाळूखेरीज काही दिसत नाही. चित्र जवळ आणत गेले की वाळूवर एक काळसर ठिपका उमटतो, त्याचे वर्तुळ होते, आणि त्या वर्तुळाच्या आत एका विमानाची आकृती स्पष्ट होते. पंख, शेपटी, निमुळते नाक, सर्व काही. वर्तुळाबाहेर चार दिशांना चार बाण आहेत. नकाशासोबतची मापनपट्टी घेऊन वर्तुळाचा व्यास मोजला, तर तो साठ मीटरांच्या आसपास भरतो. विमानाची लांबी मोजली, तर ती पंचावन्न मीटरांच्या जवळपास येते. हे दुसरे माप महत्त्वाचे. डीसी-१० जातीच्या प्रवासी विमानाची लांबी एवढीच असते. म्हणजे ही आकृती खऱ्या विमानाच्या आकाराची आहे. परंतु ते उभे असलेले खरे विमान नव्हे, कारण त्याला छाया नाही. जमिनीपासून उंच असलेली कोणतीही वस्तू उन्हात छाया टाकतेच.

१९ सप्टेंबर १९८९ रोजी यूटीए या फ्रेंच कंपनीचे ७७२ क्रमांकाचे उड्डाण ब्राझाव्हिल येथून निघून चाडची राजधानी एन्जामेना येथे थांबले आणि पॅरिसकडे निघाले. तेनेरेवरून जात असता विमानात ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. आतील १७० माणसांपैकी एकही वाचले नाही. पुढे १९९९ साली फ्रेंच न्यायालयाने सहा लिबियन व्यक्तींना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवले. मृतांच्या आप्तांनी लिबियाकडून मिळालेल्या भरपाईच्या रकमेतून २००७ साली या ठिकाणी स्मारक उभारले. या वालुकामय भागात दगड मिळत नाहीत. ते काळे दगड दूरवरून मालमोटारींनी आणावे लागले आणि बहुतेक हातांनीच रचले गेले. वर्तुळाच्या कडेने १७० फुटके आरसे बसवलेले आहेत, प्रत्येक मृतासाठी एक. विमानाचा एक मोडका पंख वाळूतून उभा करण्यात आला आहे. जवळपास रस्ता वा वस्ती नसल्यामुळे या स्मारकाला भेट देणारा मनुष्य विरळा. बहुतेकांनी ते आकाशातूनच पाहिले आहे, आणि आपल्या कपट्यावरील दोन अंक हाच तेथे जाण्याचा सोपा मार्ग आहे.

या उदाहरणात आकृती आपण होऊन बोलकी होती. सर्वच ठिकाणी असे होत नाही, आणि वरून पाहिलेले जग डोळ्याला फसवते. उत्तर गोलार्धात सूर्य बहुधा दक्षिणेकडे असल्यामुळे छाया उत्तरेकडे, म्हणजे चित्रात वरच्या बाजूस पडते. मात्र आपल्या डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते. परिणामी कित्येकांना दऱ्या डोंगरांच्या रांगांसारख्या उंच आणि डोंगर खळग्यांसारखे खोल दिसतात. सह्याद्रीचे उपग्रहचित्र पाहताना हा अनुभव येईल. चित्र उलटे फिरवून, म्हणजे दक्षिण वर घेऊन पाहिले की भ्रम दूर होतो. नदी कोठे आहे ते शोधणे हाही एक उपाय आहे, कारण पाणी डोंगरमाथ्यावरून वाहत नाही.

दुसरी गोष्ट चित्राच्या तारखेची. पडद्यावर अखंड दिसणारा प्रदेश वस्तुतः वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या चित्रांच्या ठिगळांनी शिवलेला असतो. एका ठिगळात तलाव भरलेला तर शेजारच्यात कोरडा, असा देखावा त्यामुळे दिसतो. गूगल अर्थ या साधनात जुनी चित्रे क्रमाने पाहण्याची सोय आहे. अनोळखी खड्डा दगडाची खाण आहे की शेततळे, हे एका चित्रावरून ठरत नसले, तर पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले अशी दोन चित्रे ताडून पाहिली की बहुधा ठरते.

आता चुकांकडे वळू. सर्वांत नित्याची चूक अंश-कला-विकलांच्या लेखनातून उद्भवते. लोणारच्या सरोवराचा अक्षांश १९ अंश ५८ कला असा पुस्तकांत दिलेला असतो. एखादा विद्यार्थी तो सरळ १९.५८ असा लिहितो. पण एका अंशात साठ कला असतात, शंभर नव्हेत. ५८ ला ६० ने भागले की ०.९६७ येते, म्हणून योग्य दशांश रूप १९.९६७ होय. विद्यार्थ्याची टाचणी सरोवराच्या दक्षिणेस सुमारे ४३ किलोमीटरांवर शेतांत पडेल, आणि अठराशे मीटर व्यासाचे, उल्काघाताने काळ्या बेसाल्टात कोरले गेलेले ते विवर तेथे नाही म्हणून तो नकाशालाच दोष देईल.

पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण चिन्हाने लिहितात. ते चिन्ह गळाले तर दक्षिण अमेरिकेतील गाव आशियात येऊन पडते. आणि दोन्ही आकडे मुळीच भरले गेले नाहीत, तर संगणक पुष्कळदा त्या जागी शून्ये मांडतो. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश यांचा छेदनबिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात, खुल्या समुद्रात आहे. तेथे अनेक वर्षे हवामानाची निरीक्षणे घेणारी एक तरंगती बोया नांगरलेली होती. जमीन तर नाहीच. तरीही जगातील असंख्य दुकाने, छायाचित्रे आणि अपघात या बिंदूवर घडल्याच्या नोंदी संगणकांत सापडतात. नकाशाकारांनी थट्टेने त्या न-बेटाला ‘नल आयलंड’ असे नाव दिले आहे.

याहून खोल प्रश्न असा की, अंक बिनचूक असले तरी ते कोणत्या पृथ्वीवरचे? प्रश्न चमत्कारिक वाटेल. पृथ्वी अचूक गोल नाही. ध्रुवांशी ती किंचित चपटी आहे आणि तिच्यात बारीकसारीक उंचसखलपणा आहे. मोजणीसाठी तिच्या जागी एक गुळगुळीत, चपटा गोलाभ मानून घ्यावा लागतो. तो केवढा मानावा आणि पृथ्वीशी कसा जुळवून बसवावा, हे ठरवल्याखेरीज अक्षांश-रेखांशांना निश्चित अर्थ येत नाही. भारतातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ साली मद्रासजवळ लॅम्टनने केला. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने १८३० साली आपल्या मोजणीवरून एक गोलाभ सिद्ध केला, आणि मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे भारतीय मोजणीचे मूलस्थान झाले. हा गोलाभ भारतीय उपखंडाशी उत्तम जुळणारा होता. संपूर्ण पृथ्वीशी जुळावा हा त्याचा हेतूच नव्हता. उपग्रहांच्या युगात संपूर्ण पृथ्वीच्या वस्तुमानमध्याला धरून बसवलेला वेगळा गोलाभ स्वीकारण्यात आला, आणि आपले फोन तो वापरतात. परिणाम असा की, जुन्या भारतीय मोजणीपत्रकावरून उतरवलेले अंक आजच्या नकाशात जसेच्या तसे घातले तर टाचणी कित्येक ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक ढळते. शंभर मीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण विहिरीऐवजी दुसऱ्याची विहीर सापडण्यास तेवढे पुरते. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठी काढलेली भारतीय सर्वेक्षण खात्याची पत्रके नव्या आधारावर काढली जाऊ लागली. म्हणून जुने पत्रक हाती असल्यास त्याच्या समासातील बारीक अक्षरांतली टीप आधी वाचावी.

खुद्द ग्रिनिचलाही ही गोष्ट सुटलेली नाही. तेथील वेधशाळेच्या अंगणात मूळ रेखावृत्ताची पट्टी जमिनीत बसवलेली आहे. तिच्यावर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून उभ्या राहिलेल्या प्रवाशाने फोन पाहिला, तर तेथे शून्य रेखांश दिसत नाही. तो पूर्वेस १०२ मीटर चालून गेल्यावर बागेत दिसतो. जुन्या ज्योतिर्विदांनी उभी दिशा ओळंब्याप्रमाणे, गुरुत्वाच्या आधारे ठरवली होती. भूगर्भातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने ओळंबा तेथे अत्यल्प कलतो. त्यांचे वेध चुकीचे नव्हते, ते गुरुत्वाशी प्रामाणिक होते.

चीनमध्ये याच प्रकारचा फरक शासनाने हेतुतः घातलेला आहे. तेथील प्रसिद्ध नकाशांतील सहनिर्देशक नियमानुसार विशिष्ट सूत्राने सरकवलेले असतात. त्यामुळे गूगलच्या चित्रात रस्त्यांच्या रेषा खऱ्या रस्त्यांपासून काही शे मीटर बाजूस, घरांच्या छपरांवरून गेलेल्या दिसतात. अशा ठिकाणी चित्रावर विसंबावे, रेषेवर नव्हे.

नकाशात जे छापलेले असते ते कधीकधी मुळीच नसते. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मध्ये ‘सँडी आयलंड’ नावाचे लांबट बेट कित्येक नकाशांत दाखवले जात असे. त्याची नोंद १८७६ साली ‘व्हेलॉसिटी’ या जहाजाने केली होती. एका नकाशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून संगणकात असा त्याचा प्रवास झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ या ऑस्ट्रेलियन संशोधन जहाजावरील शास्त्रज्ञ त्या जागी पोहोचले, तेव्हा जहाजाखाली हजार मीटरांहून अधिक खोल पाणी होते. नकाशा संगणकावर आला म्हणजे तो नव्याने मोजला गेला, असे समजू नये.

बेलग्रेड येथे ७ मे १९९९ च्या रात्री जे घडले, ते याहून दुःखद होते. नाटोच्या हवाई मोहिमेत अमेरिकन विमानाने टाकलेले बाँब चीनच्या वकिलातीवर पडले आणि तीन चिनी नागरिक मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या शासनाने खुलासा केला तो असा : लक्ष्य होते युगोस्लाव्हियाच्या लष्करी पुरवठ्याचे एक कार्यालय, त्याचा पत्ता ठाऊक होता, पण पत्त्यावरून बिंदू काढताना शेजारच्या समांतर रस्त्यांवरील घरक्रमांकांवरून अंदाज बांधण्यात आला, आणि वकिलातीची नवी जागा वापरलेल्या नकाशांत दाखवलेली नव्हती. चीनने हा खुलासा मान्य केला नाही. तो खरा मानला तरी ध्यानात घेण्यासारखी बाब ही की, त्या रात्री सहनिर्देशकाच्या अंकांत गफलत झाली नव्हती; बाँब दिलेल्या बिंदूवरच पडले. त्या बिंदूपाशी काय आहे, हा प्रश्न नीट विचारला गेला नव्हता.

प्रश्न नीट विचारल्याचेही एक उदाहरण देतो. २००८ साली विन्चेन्झो दे मिकेले हे इटालियन खनिजशास्त्रज्ञ गूगल अर्थमध्ये दक्षिण इजिप्तचे वाळवंट न्याहाळत होते. सुदानच्या सीमेजवळ त्यांना एक लहानसे वर्तुळ दिसले, आणि त्याच्याभोवती किरणांसारखे विखुरलेले पट्टे. वाळवंटात वर्तुळे अनेक कारणांनी होतात. परंतु असे पट्टे म्हणजे जोराच्या आघाताने बाहेर उडालेले द्रव्य असू शकते, आणि वारा व वाळू यांनी ते अजून पुसले नसेल तर विवर भूवैज्ञानिक मानाने कोवळे असले पाहिजे. त्यांनी आपला तर्क इतर शास्त्रज्ञांना कळवला. २०१० साली इटली आणि इजिप्त यांच्या शास्त्रज्ञांचे पथक तेथे प्रत्यक्ष गेले. त्यांना सुमारे ४५ मीटर व्यासाचे विवर आणि त्याच्या अवतीभोवती लोखंडी अशनीचे हजारो तुकडे सापडले. आज ते कामिल विवर म्हणून ओळखले जाते.

त्याचे सहनिर्देशक २२.०१८ उत्तर आणि २६.०८८ पूर्व असे आहेत. वाचकांनी ते शोधचौकटीत घालून पाहावेत. चित्र पुष्कळ जवळ आणावे लागेल. दुरून ते वाळूवरील एका डागासारखे दिसते. मापनपट्टी हाताशी असू द्यावी.